चाफ्याच्या वासाची गाठ

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात धर्मा कोळ्याच्या डोक्यातल्या गाठीचं खरं माप कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशन झालं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, लिंबाएवढी. धर्मा घरी पोचेपर्यंत तिची मोसंबी झाली. नारळी पुनवेला खाडीत नारळ सोडताना त्याने हातातला नारळ उंच धरला आणि जमलेल्यांना सांगितलं, "याच्यापेक्षा जराशी थोर." पुढच्या होळीपर्यंत तिने शहाळ्यालाही मागे टाकलं.

त्याची बायको मैना नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. वजनात कुणाला फसवायची नाही आणि कुणाकडून फसायचीही नाही. तिने एकदा भर जेट्टीवर विचारलं, "एवढी थोर गाठ व्हती, तर मेंदू कुठं ठेवला व्हता?"

"घरी," धर्मा म्हणाला. "तुझ्याकडं सांभालाला."

जेट्टी हसली. मैनाही हसली. माप कितीही वाढो, माणूस समोर बसून थापा मारतोय, यातच तिचं सगळं आलं होतं.

त्या पहिल्या गाठीने वर्दी दिली होती ती वासाने. धर्माला मधूनच, काही कारण नसताना, करपलेल्या सुकटीचा वास यायचा. पामबीच रोडच्या टॉवरमधल्या माणसाला असा वास आला असता तर तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता, निदान सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार तरी टाकली असती. पण कोळीवाड्यात सुकटीचा वास आला म्हणून डॉक्टरकडे कोण जातो? तिथे वास आला नाही तर माणूस घाबरतो. धर्मा तेवढा महिनोन् महिने शेजारणींशी भांडत राहिला, की तुम्ही सुकट करपवता. त्यातल्या बयाबाईने तर रागाने त्याच्या दारात येऊन तवा दाखवला होता. तवा थंड होता, तरी भांडण तापलंच. शेवटी एके दिवशी होडीत उभ्या उभ्या त्याला फिट आली आणि तो चिखलात पडला, तेव्हा कुठे कळलं की वास तव्यावर नव्हता. डोक्यात वास ओळखायची जागा असते, तिला गाठ खेटली होती.

मग ऑपरेशन, रेडिएशनचा शेक, महिनोन् महिने गोळ्या. त्यातून धर्मा उठला. फक्त सुरुवातीला काही दिवस त्याचे शब्द रुसले होते. पाणी हवं असलं की तो "छत्री" म्हणायचा. मैना मुकाट्याने तांब्या भरून आणायची. पुढे एकदा धो धो पावसात त्याने खरंच छत्री मागितली, तर तिने तांब्या पुढे केला. हळूहळू शब्द आपापल्या घरी परतले, आणि त्यांच्यासोबत थापाही.

त्यानंतर आळीने एक रीत पाडली. कुणी ठरवून सभा घेतली नाही, बयाबाईनेच सुरुवात केली. आपली सुकटीची आणि जवळ्याची जाळी उचलून ती थेट जेट्टीच्या पार टोकाला घेऊन गेली. "हितं वास रायला, तर धर्माला कोनता आला ते कलनार कसं?" ती म्हणाली. तिचं पटलं. मग सगळ्या आळीने वाळवण तिकडे नेलं. ज्या गल्लीत मांजरं पिढ्यान् पिढ्या पोट वर करून झोपायची, तिथे आता अगरबत्तीचा वास यायला लागला, आणि मांजरं बिऱ्हाड उचलून जेट्टीवर राहायला गेली. येणारा-जाणारा धर्माला "जेवलास का?" विचारायच्या आधी विचारायचा, "वास आयला का?" धर्मा नाक वर करायचा, दोनदा हुंगायचा आणि सांगायचा, "नाय." की सगळी आळी पुढच्या कामाला लागायची.

असा पहारा मुंबईच्या बंदरावरही नसेल. आणि गाठ आली ती या पहाऱ्याच्या नाकासमोरून.

झालं असं, की यंदाच्या थंडीत धर्मा एकटाच हसायला लागला. दुपारी जेट्टीवर बसायचा, डोळे मिटायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि देवाने पाठ खाजवून दिल्यासारखा खुश दिसायचा. मैनाने ते पाहिलं. बाईमाणसाच्या मनात अशा वेळी जे पहिलं येतं तेच तिच्याही आलं. तिने दोन दिवस त्याच्या सदऱ्याचा वास घेतला. घामाशिवाय काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी पापलेट साफ करता करता, कोयता हातातच ठेवून, तिने सरळ विचारलं.

"कोन हाय ती?"

"कोन कोन?"

"जिचे नावानं डोले मिटून हसतंस ती."

धर्मा कोयत्याकडे बघून जरा मागे सरकला. मग लाजला. साठी ओलांडलेला कोळी लाजतो तेव्हा खाडीची भरतीही घटकाभर थांबते म्हणतात. "तूच हाय गो," तो म्हणाला. "मना चाफ्याचा वास येतंय. सोनचाफा. आपले लग्नान तुझे वेनीला व्हता ना, तोच. मधीच येतो, वाऱ्यासारखा जातो. म्हातारपनी देव आठवन पाठवतो बग."

दुसरी कुणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मैनाने पापलेट खाली ठेवलं.

"माझे वेनीला अबोली व्हती," ती म्हणाली.

"मग अबोलीचा असंल."

"अबोलीला वास नसतो, धर्मा."

तिने आयुष्यात नवऱ्याला नावाने हाक मारली असेल ती मोजक्याच वेळा. धर्माचं हसू तिथेच वाळलं.

सगळी आळी सुकटीच्या वासावर डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि धर्माला सुकट सोडून भलताच वास येत होता. रोज कुणीतरी विचारायचं, "वास आयला का?" आणि तो अगदी खरं खरं सांगायचा, "नाय." विचारणाऱ्याच्या मनात सुकट, सांगणाऱ्याच्याही मनात सुकट. चाफ्याला कुणी वास म्हणून धरलंच नव्हतं.

त्यांची मुलगी, तिचं नाव पूर्वी, वाशीला बँकेत नोकरीला होती. तिने रजा टाकली, बापाला गाडीत घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. स्कॅन झाला. डॉक्टर संघमित्रा हिवराळे यांनी तो पडद्यावर लावला. बाई मूळच्या परभणीकडच्या, आवाज शांत, आणि माणसाला काका म्हणून मग खरं बोलायची पद्धत.

"काका, गाठ आलीय."

धर्माने मान डोलावली. जुना कुस्तीगीर पुन्हा आखाड्यात उतरल्याचं कळावं तसा तो सावरून बसला. "येऊंदे. वलखीचा हाय तो. एकदा पाडलाय, परत पाडू. त्याच गोल्या द्या."

"तीच अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही मला तीच वाटत नाही."

"जागा तर तीच दिसते," पूर्वी म्हणाली.

"जागा जवळजवळ तीच. पण दिसणं वेगळं आहे. फार क्वचित होतं असं. उपचार होतात, वर्षं जातात, आणि गाठ परत येते ती निराळ्याच जातीची होऊन. कधी जुनीच रूप बदलते, कधी तिच्या जागी नवीच उगवते. जुन्या गोळ्या जुन्या गाठीच्या होत्या. या गाठीला त्या कदाचित खाऊसारख्या वाटतील. आत जाऊन तुकडा काढायचा, निघेल तेवढी गाठही काढायची, तपासायची, मग औषध ठरवायचं."

"म्हंजे वास बदलला तवाच जात बदलली," मैना म्हणाली.

"नाही मावशी, वासाचा जातीशी संबंध नाही. ती जराशी सरकून बसलीय म्हणून वास बदलला. जात कळायची ती तुकड्यावरूनच."

धर्मा उठला. "डोकं परत उघडनार नाय," तो म्हणाला. "गोल्या देयाच्या तर द्या." आणि चपला घालून बाहेर गेला. त्याच्या जन्मात त्याने इतकं छोटं वाक्य बोलून कुठली जागा सोडली नव्हती. मैनाला गाठीपेक्षा त्या छोट्या वाक्याची जास्त भीती वाटली.

संध्याकाळी बातमी आळीत पसरली. बयाबाई सगळ्यांत आधी आली, आणि तिच्या मागून सगळी जेट्टी. बयाबाईचं वय तिलाही माहीत नव्हतं. खाडीवर पहिला पूल झाला तेव्हा आपल्याला नातू होता असं ती सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायला त्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"एवढी वर्सं आमी सुकट टोकाला नेली," ती म्हणाली, "माझे गुडघे गेले. आनि तू चाफा हुंगत बसलास?"

"मना काय ठावं?"

"बरं. आता डाक्टरीन काय सांगते?"

मैनाने सांगितलं. गाठ नवी असेल, बघायला लागेल, हा नाही म्हणतो.

बयाबाईने कपाळावर हात मारला. "अरे, तू चिंबोऱ्या धरनारा मानूस. काल ज्या बिलान चिंबोरी व्हती, त्या बिलान आज डायरेक हात घालतोस का?"

जेट्टीवरचे सगळे एकदम बोलायला लागले, कारण हा नियम धर्मानेच अर्ध्या गावाला शिकवला होता. खेकड्याच्या चिखलातल्या बिळात आधी सळई घालायची. कालची चिंबोरी गेलेली असते आणि तिच्या रिकाम्या घरात कोण भाडेकरू शिरलाय ते सांगता येत नाही. कधी सापासारखी लांब वाम मासळी असते, कधी खराच साप. सळईला काय लागतं ते बघायचं, मग हात.

"तेच सांगते ती बाई," बयाबाई म्हणाली. "आधी सलई, मग औषध. यात काय खोटं हाय?"

"खोटं काय नाय," धर्मा म्हणाला. "पन बायांनो, हितं चिंबोरी धरनारा मी नाय. हितं बील मी हाय. बिलाला इचारलंय कुनी, सलई घालून घेतंस का?"

बयाबाई तोंड उघडून तशीच राहिली, आणि हे इतकं दुर्मीळ होतं की दोघातिघांनी तिला पाणी आणलं.

लोक पांगले. मैना त्याच्या शेजारी जेट्टीच्या पायरीवर बसली. समोर ओहोटीचा चिखल पसरला होता आणि रोहित पक्षी त्यात माना घालून जेवत होते. तिने काही विचारलं नाही. धर्माला गप्प माणसाजवळ बसता येत नाही हे तिला संसाराच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. थांबलं की तो आपणहून बोलतो.

"मराला भीत नाय मी," तो म्हणाला.

"हो."

"खरंच नाय."

"बरं."

"मागल्या टायमाला शब्द गेले व्हते ना. तू तांब्या आनायचीस. मना आत सगलं समजायचं गो. मी पानी बोलतंय, आनि तोंडातून भलतंच. तवा एवढं वाटलं का हे असंच रायलं तर मी कोन? हात गेला तर एका हातानं जालं टाकीन. पन तोंड गेलं तर धर्मा नाय रायला. मंग ते काय औषध देवून जगवनार, ते कोनाला?"

इतकी वर्षं मैनाला वाटत होतं की त्याच्या थापा हे घरातलं फुकटचं सामान आहे, जागा अडवणारं. त्याच्या जिवाची सगळी किंमत त्या थापांतच असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हे तू डाक्टरनीला सांगलास?" तिने विचारलं.

"तिला काय सांगू? का थापा मारता येयाला पायजेत म्हनून जीव नको?"

"तुना लाज वाटते, तर मी सांगते."

आणि तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजाराची पाटी बहिणीवर सोपवून, मासळीचा वास अंगावर तसाच घेऊन ती डॉक्टर हिवराळेंच्या समोर जाऊन बसली. घासाघीस तिला येत होती, लाज येत नव्हती. "बाई, माझा नवरा गावातला एक नंबरचा थापाड्या हाय," तिने सुरुवात केली. "त्याला तसाच्या तसा परत देनार असाल तर बोला. मुका करून देनार असाल, तर तो नाय येनार, आनि मी बी त्याला वढून आननार नाय."

डॉक्टर हिवराळेंनी पेन खाली ठेवलं. "फार बोलतात का ते?"

"बोलून बोलून भरती परतवतो."

"मग बरंच झालं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना बोलावून घ्या. मला असाच माणूस पाहिजे."

धर्मा आला तो तोंड पाडून. डॉक्टरांनी त्याला समजावलं. डोकं उघडताना झोपवायचं. पण गाठीपाशी पोचलो की जागं करायचं. डोक्यात दुखत नाही, मेंदूला दुखणंच कळत नाही. जागं झालं की त्याने बोलत राहायचं, थांबायचं नाही. गाठ शब्दांच्या जागेजवळ आहे. डॉक्टर इकडे थोडं थोडं पुढे जाणार आणि तिकडे कान त्याच्या बोलण्यावर. शब्द अडखळला की हात तिथेच थांबणार, त्या बाजूला जाणार नाही.

"शंभर टक्के शाश्वती देत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचे शब्द तुम्हीच राखणार. मी फक्त ऐकणार."

धर्माच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कवापरयंत बोलाचं?"

"गाठ निघेपर्यंत. तास, दोन तास. जास्तही."

"आनि ऐकनार कोन कोन?"

"मी, माझे दोन मदतनीस, भूल देणारे डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ..."

"त्यातला कोन मधी उठून जाऊ शकतो का?"

"ऑपरेशन चालू असताना? कोणीच नाही."

धर्मा कोळ्याने आयुष्यभर लोकांना सदऱ्याला धरधरून गोष्टी ऐकवल्या होत्या. ज्याला उठताच येत नाही असा श्रोता देवाने त्याला कधी दिला नव्हता. तो मैनाकडे वळला. "इस्त्रीचा सदरा काढून ठेव," तो म्हणाला.

"आत सदरा घालाला देत नाय."

"मंग ऱ्हाऊंदे. गोष्ट चांगली पायजे."

ऑपरेशनच्या दिवशी मैना बाहेरच्या बाकावर बसली. पूर्वी शेजारी. बयाबाई गुडघे विसरून आली होती, आणि दर थोड्या वेळाने दाराला कान लावून सिस्टरची बोलणी खात होती. मैना मात्र टेकून बसली. तिला वाटत होतं त्यापेक्षा तिचं मन स्थिर होतं. त्या दारामागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, पण कसं चाललंय ते तिला माहीत होतं. तिथे धर्मा बोलत होता. आणि बोलणाऱ्या धर्माला कुणी हरवलेलं तिने अजून पाहिलं नव्हतं.

बरंच ऊन कललं तेव्हा दार उघडलं. आधी भूल देणारे डॉक्टर आले, हौसेराव नावाचे, मिशीवाले. तोंडावरचा मास्क खाली करून ते थेट मैनाकडे आले. ती उठून उभी राहिली.

"मावशी," ते म्हणाले, "त्या जिताड्याचं पुढे काय झालं?"

"कोनते जिताड्याचं?"

"काकांनी सांगितलं ना. खाडीत एका इंजिनियरचा मोबाइल पडला, तो एका जिताडा माशाने गिळला. मग कोळी लोक त्या नंबरवर फोन करायचे. जिथे पाण्यात रिंग वाजेल तिथे जाळं टाकायचे. जिताडा हुशार, रिंग वाजली की तळाला जायचा. मग एक दिवस त्याने फोन उचलला."

"मंग?"

"मग काय, गाठ निघाली होती. डोकं बंद करायचं म्हणून मीच झोपेचं औषध दिलं. मला काय माहीत काका नेमके त्याच वाक्यावर झोपतील. आत सगळे माझ्यावर चिडलेत."

मैनाने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. त्याच्या साऱ्या थापा तिला पाठ होत्या, मासा न् मासा, वादळ न् वादळ. ही नवी होती. उघड्या डोक्याने, सुऱ्यांच्या खाली, तिच्या नवऱ्याने नवीकोरी थाप रचली होती. ती परत बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसले.

"रडू नका मावशी," हौसेराव घाबरून म्हणाले, "सगळं ठीक आहे."

"ते समजलं मना," मैना म्हणाली. "तुमचे आधी समजलं."

वॉर्डात धर्मा दोन दिवसांत पाठ टेकून बसला. शब्द सगळे हजर होते, फक्त थोडे सुस्त, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे. डॉक्टर हिवराळे राउंडला यायच्या तेव्हा त्यांच्या मागची फौज रोज वाढत होती, आणि तपासून झालं की सगळ्यांची एकच विचारणा, जिताडा काय बोलला. धर्मा भाव खात होता. "आधी तुमचा रिपोट सांगा," तो म्हणायचा. "मंग माझा."

रिपोर्ट आला. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. गाठ खरंच वेगळी निघाली होती, जात पालटलेली. जुन्या गोळ्या दिल्या असत्या तर त्या नुसत्या पोटात गेल्या असत्या आणि गाठ वाढत राहिली असती. हिच्यावरचं औषध दुसरं. शिरेतून द्यायचं, मधे दिवस सोडून, बरेच महिने.

"जाईल का?" मैनाने विचारलं.

"मावशी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पहिलीपेक्षा ही चिवट आहे. पण बहुतेक सगळी निघालीय, आणि उरलीसुरली कोण आहे ते आता आपल्याला कळलंय. या जातीवर हे औषध चालतं. मी ताकदीने लढणार आहे. काकांना विचारा, ते काय म्हणतात."

धर्माने विचार केला. "नाव काय तिचं?"

डॉक्टरांनी नाव सांगितलं. ते इतकं लांब होतं की त्यात एखादी होडी आडवी लावता आली असती. धर्माने ते दोनदा तोंडात घोळवलं, तिसऱ्यांदा न अडखळता म्हटलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा बघून घेतलं, ऐकलंत ना अशा अर्थाने.

"कवा चालू करताव?" त्याने विचारलं.

औषध द्यायचा हॉल वरच्या मजल्यावर होता. मोठ्या खिडक्या, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक स्टँड, त्याला टांगलेली पिशवी, आणि थेंब थेंब उतरणारं औषध. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये किंवा आपापल्या काळजीत मान घालून बसलेले. धर्माला मधली खुर्ची मिळाली. सिस्टरने सुई लावली, पिशवी चालू केली आणि हलायचं नाही म्हणून सांगून गेली. धर्माने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातांत सुया. सगळे बांधलेले.

तो घसा खाकरला.

मैना अर्धा तास थांबली. तेवढ्यात हॉलमधल्या तीन जणांनी मोबाइल खाली ठेवले होते, एका आजोबांनी कानातलं मशीन नीट बसवलं होतं, आणि धर्माची गाठ शहाळ्यावरून फणसाकडे निघाली होती. बाजाराची वेळ होत आली तशी मैना उठली. शेजारच्या खुर्चीतली एक बाई, खांदेश्वरहून आलेली, तिच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "ताई, हे सगळं खरं आहे का हो?"

"अर्धं खरं धरा," मैना म्हणाली.

"कुठलं अर्धं?"

"ते मना बी अजून समजलं नाय," मैना म्हणाली, आणि पदर खोचून बाजाराकडे निघाली.